कबड्डीचा पंच : घडण आणि पारख

महाराष्ट्रातील हौशी कबड्डीविषयी बोलताना खेळाडूंची, प्रशिक्षकांची आणि मंडळे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे आदराने घेतली जातात. परंतु ज्याच्या शिट्टीने सामना सुरू होतो आणि ज्याच्या शिट्टीनेच तो संपतो त्या पंचाची घडण कशी होते, त्याला शिकवते कोण, त्याची परीक्षा कशी होते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर त्याच्या कामाचे मोजमाप कोणत्या मापाने केले जाते, हे प्रश्न बहुधा एखाद्या निर्णयावरून मैदानात वाद पेटल्यावरच विचारले जातात. हौशी खेळ म्हणजे ज्यात खेळणाऱ्याची आणि खेळविणाऱ्याची उपजीविका त्या खेळावर अवलंबून नसते असा खेळ. कबड्डीचा पंच या व्याख्येत चपखल बसतो, कारण तो दिवसभर शाळेत शिकवतो किंवा एखाद्या कार्यालयात, कारखान्यात नोकरी करतो, आणि संध्याकाळी वा सुटीच्या दिवशी जेमतेम मानधनावर तालुक्याच्या गावी जाऊन रात्री उशिरापर्यंत सामने खेळवतो. त्याच्याकडून अचूकतेची अपेक्षा मात्र व्यावसायिक पंचाइतकीच असते आणि ती रास्तही आहे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत हुकलेला एक गुण एखाद्या मुलाचे राज्य स्पर्धेतले स्थान घालवू शकतो, आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीचा मार्ग त्याच स्थानापासून सुरू होत असतो.

पंचाचे काम आज इतके गुंतागुंतीचे का झाले, हे समजण्यासाठी खेळाच्या जुन्या प्रकारांकडे पाहावे लागते. महाराष्ट्रात हुतूतू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन मुख्य प्रकार होते. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानाबाहेर जात नसे, त्याच्या बाद होण्याचा गुण तेवढा मोजला जाई. त्यामुळे पंचाला स्पर्श झाला की नाही एवढेच पाहायचे असे. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी पुन्हा उठतो, म्हणजे खेळात परत येतो. १९२१ ते १९२३ या काळात महाराष्ट्रात जे नियम बांधले गेले ते संजीवनी आणि गामिनी यांच्या मिश्रणातून तयार झाले, आणि आजच्या खेळाचा सांगाडा तोच आहे. त्यामुळे पंचमंडळाला आता तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात : कोण बाद झाला, त्याबद्दल किती गुण द्यायचे, आणि कोणाला उठवायचे. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने ते उठले पाहिजेत, आणि सर्व गडी बाद झाल्यास लोण पडून प्रतिपक्षाला २ जादा गुण मिळाले पाहिजेत व बाद झालेला संघ पूर्ण उठला पाहिजे. यातली एक जरी नोंद चुकली तरी पुढच्या प्रत्येक चढाईवर तिचा परिणाम होत राहतो.

म्हणूनच कबड्डीचा सामना एकटा पंच खेळवू शकत नाही. नियमांनुसार एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असा सहा जणांचा संच लागतो. दोन पंच मैदानाच्या दोन लांब बाजूंना समोरासमोर उभे राहून चढाईचा निकाल देतात. त्यांच्यात मतभेद झाला तर सरपंच अंतिम निर्णय देतो, आणि एरवी सामन्याच्या एकूण संचालनावर त्याचे लक्ष असते. गुणलेखक गुणपत्रक भरतो, तर साहाय्यक गुणलेखक बाद गड्यांच्या बसण्याच्या जागेजवळ राहून त्यांचा क्रम लिहितात आणि अंतिम रेषेबाहेर पाय गेल्यास तो पंचाच्या लक्षात आणून देतात. प्रेक्षकाला शिट्टी वाजवणारे दोघेच दिसतात; पण गडी उठवण्याच्या क्रमावरून होणारे वाद साहाय्यक गुणलेखकाच्या कागदावरच सुटतात, आणि ज्या स्पर्धांत हे काम आयत्या वेळी कोणत्याही स्वयंसेवकाच्या गळ्यात घातले जाते तेथे चांगल्या पंचांचीही त्रेधा उडते.

पंचाला नेमके काय पाहावे लागते याचा अंदाज एकाच चढाईचे निरीक्षण केल्यास येतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीची राखीव क्षेत्रे असतात, आणि स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत ती मैदानाचा भाग मानली जात नाहीत. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. समोरच्या अंगणात शिरण्यापूर्वी त्याने ‘कबड्डी’चा दम सुरू केला पाहिजे, तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि मध्येच तुटता कामा नये, कोणालाही स्पर्श झाला नाही तर परतण्यापूर्वी त्याने निदान रेषा ओलांडलेली असली पाहिजे. समजा, सहा गडी मैदानात आहेत आणि चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे सरकत डावे पाऊल बोनस रेषेपलीकडे टाकतो. बोनस गुण मिळण्यासाठी ते पाऊल रेषेपलीकडे टेकलेले असताना मागचे पाऊल हवेत असले पाहिजे. त्याच क्षणी कोपऱ्याचा गडी झेप घेऊन त्याचा घोटा धरतो, शेजारचा गडी साखळी करून कमरेला मिठी मारतो, आणि तिघेही राखीव क्षेत्राकडे फेकले जातात. येथे पंचाला आधी बोनस झाला की आधी पकड झाली हे ठरवायचे असते, कारण स्पर्श वा झटापट सुरू झाल्यानंतर ओलांडलेल्या रेषेला गुण नाही. मागचे पाऊल उचलले होते का, दम चालू होता का, राखीव क्षेत्रात पाय पडण्याआधी स्पर्श झाला होता का, आणि धडपडत पसरलेला हात मध्यरेषेला लागला का, हेही त्याच दोन-तीन सेकंदांत पाहायचे असते.

हे सारे एका नजरेत पाहणे माणसाच्या डोळ्याला शक्य नसते, आणि ही मर्यादा इच्छाशक्तीने किंवा अनुभवाने नाहीशी होत नाही. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलाचा अगदी मधला छोटा भागच बारीक तपशील टिपतो. हात पुढे ताणून अंगठा उभा धरला तर त्याच्या रुंदीएवढे, म्हणजे सुमारे २ अंशांच्या कोनात मावेल एवढेच दृश्य एका वेळी पूर्ण स्पष्ट दिसते. बाकीच्या भागात हालचाल जाणवते, पण पाऊल रेषेला टेकले की एका बोटाच्या अंतरावर राहिले, हे कळत नाही. शिवाय नजर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी घेते त्या अल्प काळात मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. पायाकडून खांद्याकडे नजर उचलली जात असतानाच स्पर्श झाला, तर जागरूक आणि प्रामाणिक पंचालाही तो दिसणार नाही. म्हणून जाणता पंच सर्वत्र पाहण्याचा हव्यास धरत नाही. चढाईपटू आत शिरताना तो पायांवर नजर ठेवतो, बोनसची शक्यता संपली की ती बचावपटूंच्या हातांकडे नेतो, आणि झटापट सुरू होताच मध्यरेषेच्या बाजूला सरकतो, कारण आता निकाल तेथे लागणार असतो. समोरचा पंच त्या वेळी उरलेला भाग पाहत असतो. कोणी कधी काय पाहायचे याची ही वाटणी हा पंच प्रशिक्षणाचा गाभा आहे, आणि दुर्दैवाने नियमपुस्तिकेत तिला फारच थोडी जागा मिळते.

पंच होण्याचा मार्ग साधारणपणे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातो. जिल्हा संघटना शिबिर भरवते, नियमांवर व्याख्याने होतात आणि त्यानंतर परीक्षा घेतली जाते. तीत उत्तीर्ण झालेल्याला जिल्ह्यातील सामन्यांवर काम मिळते आणि काही काळाच्या अनुभवानंतर तो राज्य पंच परीक्षेला बसू शकतो. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असे या परीक्षांचे परिचित स्वरूप आहे. लेखी परीक्षेत मैदानाची मापे, वेळ, गुणपद्धती आणि शिक्षापत्रे यांवर प्रश्न येतात. शिक्षापत्रांपैकी हिरवे ताकिदीचे असते, पिवळे दाखविलेल्या खेळाडूला २ मिनिटे बाहेर बसावे लागते आणि लाल दाखविलेला त्या सामन्यातूनच बाद होतो. ही माहिती पाठ असलीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु मापे विचारणारा प्रश्न स्मरणशक्ती तपासतो आणि प्रसंग विचारणारा प्रश्न समज तपासतो, हा फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने सतत डोळ्यांपुढे ठेवायला हवा. बोनस रेषा कोठे असते, हे विचारण्यापेक्षा पुढील प्रश्न अधिक उपयोगी ठरेल : सहा गडी मैदानात असताना चढाईपटूने बोनस रेषा नियमाप्रमाणे ओलांडली आणि नंतर तो पकडला गेला, दोन्ही संघांना किती गुण मिळतील आणि कोणाचा गडी उठेल? येथे चढाई करणाऱ्या संघाला बोनसचा १ गुण आणि पकड करणाऱ्या संघाला १ गुण मिळतो, मात्र बोनस गुणावर गडी उठत नाही, त्यामुळे बाहेर बसलेला गडी असेल तर तो फक्त पकड करणाऱ्या संघाचाच उठतो. गुणफलक दोन्ही बाजूंनी वाढतो आणि गडी मात्र एकाच बाजूचा उठतो, ही विसंगती भासणारी गोष्ट नवख्या पंचाला गोंधळात टाकते, आणि चुकीचा गडी आत आला की पुढचा सामना चुकीच्या संख्येवर खेळला जातो.

प्रसंगप्रधान लेखी परीक्षा किती कठीण होऊ शकते, याचे ठळक उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. महिला आणि कनिष्ठ गटांच्या सामन्यांसाठी पंच निवडण्याकरिता भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२२ मध्ये अहमदाबाद येथे घेतलेल्या परीक्षेला सुमारे १४० उमेदवार बसले आणि त्यांतील अवघे ३ उत्तीर्ण झाले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. परीक्षा २०० गुणांची होती. लेखी प्रश्नपत्रिकेबरोबर तोंडी परीक्षा, सामन्यांच्या चित्रफितींवरील प्रश्न आणि शारीरिक क्षमतेची चाचणीही तीत होती. मंडपाची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडली आणि फलंदाजाने तक्रार केली तर काय कराल, या धर्तीचे प्रश्न लेखी परीक्षेत होते. मंडपाची आणि झाडाची सावली पंचाने विचारात घ्यायची नसते. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभे राहण्यास सांगायचे असते, आणि त्याची सावली हलत राहिली तर चेंडू मृत ठरवायचा असतो. बहुसंख्य उमेदवारांचे घोडे लेखी भागातच अडले. एवढ्या अल्प निकालावरून सगळे उमेदवार नालायक होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण ज्यांना तळाच्या पायरीवर प्रसंगांतून विचार करण्याची सवय लावलेली नाही त्यांच्यापुढे वरच्या पायरीवर एकदम असे प्रश्न ठेवले तर दुसरे काय होणार? प्रशिक्षणाची उणीव परीक्षेत उघडी पडते, ती परीक्षेने भरून निघत नाही.

कबड्डीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत उमेदवाराला प्रत्यक्ष सामन्यावर उभे करून परीक्षक त्याचे काम पाहतात. खरी पारख येथे होते, परंतु ती कशावर करायची याचा विचार काटेकोरपणे झालेला नसतो. शिट्टी ठसठशीत आहे का, हाताच्या खुणा स्पष्ट आहेत का, निर्णय देताना चाचरतो का, या गोष्टी परीक्षकाला चटकन दिसतात आणि म्हणून त्यांना वाजवीपेक्षा जास्त वजन मिळते. या गोष्टी गौण मुळीच नाहीत. दोन सेकंद उशिरा वाजलेली शिट्टी मैदानातल्या चौदा जणांना शंका घ्यायला पुरेसा अवधी देते. तरीही आत्मविश्वासाने दिलेला चुकीचा निर्णय आणि आत्मविश्वासाने दिलेला बरोबर निर्णय बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून परीक्षकाने उमेदवाराच्या हातांबरोबर त्याच्या पायांकडेही पाहिले पाहिजे : चढाई डावीकडे वळली तेव्हा तो कोठे सरकला, झटापटीच्या वेळी तो मध्यरेषेच्या सरळ रेषेत होता की तिरक्या कोनात अडकला होता, चढाईपटू आणि त्याच्यामध्ये एखादा बचावपटू आडवा आला तेव्हा त्याने जागा बदलली का. योग्य जागी उभा राहिलेला पंच क्वचित चुकतो, आणि अयोग्य जागेवरून दिलेला बरोबर निर्णय बहुधा अंदाजाने लागलेला असतो.

मैदानाचा पृष्ठभागही शिकण्याचा विषय आहे. मातीच्या मैदानावर रेषा फक्कीने आखलेल्या असतात आणि पाच-सहा चढायांनंतर त्या जागोजाग पुसल्या जातात. तेथे पंचाला रेषा कोठे होती हे दोन टोकांवरून मनाशी जुळवावे लागते. मात्र मातीत पावलाचा ठसा आणि फक्कीला लागलेला घसारा उरतो, तो त्याच्या मदतीला येतो. मॅटवर रेषा अखेरपर्यंत स्वच्छ दिसते, परंतु तेथे पाऊल कोणतीही खूण मागे ठेवत नाही आणि खेळाचा वेगही वाढतो. गावच्या मातीवर वर्षानुवर्षे काम केलेला पंच मॅटवर आला की ठसा पाहण्याच्या सवयीने त्याची नजर क्षणभर मागे रेंगाळते, आणि केवळ मॅटवर शिकलेला तरुण पंच जत्रेच्या स्पर्धेत पुसलेल्या रेषेपुढे हतबल होतो. शिबिरांत दोन्ही पृष्ठभागांवर सराव ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

नियमांबाबतची संदिग्धता किती महाग पडू शकते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात साऱ्या जगाने पाहिले. भारत आणि इराण यांचे २८-२८ असे समान गुण असताना, सामना संपण्यास जेमतेम मिनिटभराचा अवधी उरला होता तेव्हा भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला, कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याला रोखण्यासाठी झेपावलेले इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग तेथे गेले. मूळ नियमानुसार स्पर्श नसताना राखीव क्षेत्रात गेलेले बचावपटूही बाद ठरतात, असा भारताचा दावा होता. चढाईपटूचा पाय राखीव क्षेत्रात पडताच चढाई संपते आणि नंतर काय घडले याला अर्थ उरत नाही, हा बदललेला नियम लागू आहे, असा इराणचा दावा होता. निर्णय एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने झुकत राहिला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेरीस भारताने तो ३३-२९ असा जिंकला. येथे कोणाच्या दृष्टीचा दोष नव्हता, कारण काय घडले हे सर्वांना दिसले होते. नियमाची कोणती आवृत्ती लागू आहे याविषयी एकवाक्यता नव्हती. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून दूरचित्रवाणीवर पाहिलेले नियम आणि संघटनेच्या स्पर्धांत लागू असलेले नियम यांची सरमिसळ गावपातळीवरही होते. म्हणून सामन्यांपूर्वीची पंचांची बैठक हा निव्वळ शिष्टाचार राहता कामा नये; कोणते नियम लागू आहेत हे त्या बैठकीत निश्चित होऊन संघनायकांना सांगितले गेले पाहिजे.

परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पंचाची प्रतवारी हा याहूनही नाजूक विषय आहे. प्रतवारी म्हणजे कोणत्या पंचाला अंतिम सामना द्यायचा, कोणाला पहिल्या फेरीवर ठेवायचे आणि कोणाला पुन्हा शिबिरात पाठवायचे, हे ठरविण्यासाठी त्यांच्या कामाचा लावलेला क्रम. इंग्लंडमधील क्लब क्रिकेटमध्ये या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ झाला आहे. तेथे १९५३ मध्ये क्रिकेट पंचांची संघटना स्थापन झाली, तिने शनिवारी-रविवारी काम करणाऱ्या हौशी पंचांसाठी वर्ग आणि परीक्षा सुरू केल्या, आणि २००८ मध्ये हे काम इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या अधिकारी संघटनेत विलीन झाले. अनेक लीगमध्ये सामन्यानंतर दोन्ही कर्णधार पंचांना गुण देतात. या पद्धतीचा गुण असा की पंचाचे काम ज्यांनी सर्वांत जवळून पाहिले त्यांचे मत नोंदले जाते. दोष असा की हरलेल्या कर्णधाराला निर्णय वेगळे दिसतात आणि जिंकलेल्याला वेगळे. एकेका सामन्याचे गुण त्यामुळे विश्वासार्ह नसतात, परंतु हंगामभराच्या अनेक सामन्यांची सरासरी काढली, आणि जिंकलेल्या व हरलेल्या कर्णधारांचे गुण वेगवेगळे पाहिले, तर ज्याला हरलेले संघही सातत्याने चांगले गुण देतात असा पंच वेगळा ओळखू येतो. कबड्डीत प्रशिक्षक व संघनायक यांची मते तोंडी आणि रागाच्या भरात व्यक्त होतात, ती कागदावर क्वचितच येतात, आणि म्हणून त्यांचा उपयोग होत नाही.

कबड्डीच्या मोठ्या स्पर्धांत निरीक्षक आणि पंच प्रमुख नेमलेले असतात, आणि पंचांच्या नेमणुका मुख्यतः पंच प्रमुखाच्या जाणतेपणावर ठरतात. पंच प्रमुख निःपक्षपाती आणि अनुभवी असेल तर ही व्यवस्था उत्तम चालते, पण त्याच्या मनातील मोजपट्टी कोणालाच दिसत नसल्याने डावलल्या गेलेल्या पंचाला आपले काय चुकले हे कळत नाही. शिवाय साध्या बेरजेवर उभी असलेली मोजपट्टी फसवी असते. पूर्ण ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाई ३० सेकंदांची धरली तरी ८० चढाया होतात. पंचाने त्यांतील ४ निर्णय चुकवले तर तो ९५ टक्के अचूक ठरतो आणि हा आकडा कोणालाही समाधान देईल. मात्र त्या ८० पैकी बहुतेक चढायांत कोणालाही शंका नसते. समजा, खरोखर कठीण अशा १० च चढाया होत्या आणि चारही चुका त्यांतच झाल्या, तर त्या पंचाची खरी अचूकता ६० टक्के आहे. उलट, एकतर्फी सामन्यात एकही चूक न करणारा पंच कसोटीला लागलेलाच नसतो. म्हणून निरीक्षकाने आधी कठीण चढाया वेगळ्या टिपाव्यात आणि फक्त त्यांवरच पंचाला तोलावे. दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या बाजूंनी बसून अशी टिपणे केली, तर त्यांच्या टिपणांत कितपत मेळ आहे यावरून निरीक्षकांचीही पारख होते.

पंचाच्या निर्णयांवर त्याच्या नकळत होणारा परिणामही प्रतवारीत धरावा लागतो. नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फुटबॉलच्या ४० प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातील धडकांची चित्रफीत दाखविली. २२ जणांना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि १८ जणांना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५.५ टक्के कमी फाऊल दिले. यात लबाडीचा संबंध नव्हता. शंका असलेल्या क्षणी मेंदूने आवाजाचाच पुरावा मानला, एवढेच. फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक दूर बसतात, कबड्डीच्या गावोगावच्या स्पर्धांत ते दोरीला टेकून पंचाच्या पाठीशी उभे असतात आणि त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द त्याच्या कानावर आदळतो. यजमान मंडळाच्या सामन्यावर त्याच तालुक्यातला पंच न देण्याचा संकेत यासाठीच जपायला हवा, आणि दोरी मैदानापासून काही अंतरावर बांधणे हा आयोजकाच्या हातातला अगदी साधा उपाय आहे.

माजी खेळाडू पंचाच्या कामाला आपोआप योग्य ठरतो, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. खेळलेल्या माणसाला पुढची हालचाल आधी जाणवते, त्यामुळे तो योग्य जागी लवकर पोहोचतो, हा त्याचा मोठा लाभ होय. तीच जाणीव त्याला दगाही देते : अशा स्थितीत कोपऱ्याचा गडी घोटा धरतोच, हे ठाऊक असल्यामुळे न झालेली पकडही त्याला झालेली वाटू शकते. अशा पंचांना आपल्या सामन्यांची चित्रफीत दाखविणे हा उत्तम उपचार आहे. आज मोबाइलवर चित्रण करायला खर्च येत नाही. मध्यरेषेच्या सरळ रेषेत एक मोबाइल बसवला की बहुतेक वादग्रस्त चढाया पुन्हा पाहता येतात. मात्र ही चित्रफीत पंचाला शिक्षा करण्यासाठी वापरली जाऊ लागली तर पंच निर्णय देण्याचेच टाळू लागतील, म्हणून ती शिकण्यासाठी आहे हे आधीच स्पष्ट झालेले असावे.

परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण पंच पहिल्या काही हंगामांतच का गळतात, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. पहिल्याच वर्षी त्यांना चुरशीच्या सामन्यावर एकटे उभे केले जाते, चुकल्यास जाणता पंच जवळ नसतो, शिवीगाळ झाली तर आयोजक मध्ये पडत नाहीत आणि मानधनाचे पाकीट रात्री उशिरा मिळते, कधी तेही राहून जाते. पंच म्हणून पुढे येणाऱ्या महिलांच्या बाबतीत यात रात्रीच्या प्रवासाची आणि कपडे बदलण्याच्या जागेची अडचण मिसळते, आणि तिची सोय करणे हे आयोजकाचे कर्तव्य आहे. नव्या पंचाला पहिला हंगाम अनुभवी पंचाच्या समोरच्या बाजूला काम देणे, सामना संपल्यावर दहा मिनिटे बसून तीन-चार कठीण चढायांची चर्चा करणे आणि हंगामाच्या शेवटी लेखी अहवाल त्याच्या हाती देणे, एवढे झाले तरी गळती पुष्कळ थांबेल. यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ काढणारी जाणती माणसे लागतात आणि ती प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

म्हणून जिल्हा संघटनांना आणि स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांना विनंती अशी की येत्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी त्यांनी पंचांच्या शिबिराची तारीख ठरवावी, लेखी परीक्षेत निम्मे तरी प्रश्न प्रसंगांवरचे ठेवावेत, आणि प्रत्येक पंचाला त्याच्या कामाचा अहवाल वाचायला द्यावा. खेळणे थांबवलेल्या, पण मैदान सोडवत नसलेल्या खेळाडूंनीही या वर्षी आपल्या जिल्ह्याच्या पंच परीक्षेचा अर्ज भरावा. कबड्डीला त्यांची गरज आहे.